शेजारी कोण बसलंय यावर आपली मेहनत कशी बदलते, आणि त्याचा फायदा कसा करून घ्यायचा

नागपुरात मानेवाडा रोडच्या एका गल्लीत, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवते, आठ वर्षं होत आली, ४२ सीटा आहेत. एमपीएससीवाले, सीए करणारे, नीटचा दुसरा अटेम्प्ट देणारे, स्टाफ नर्सच्या परीक्षेच्या तिघी, आणि आता दोन जण असेही आहेत जे पुण्याच्या कंपनीचं काम इथे बसून लॅपटॉपवर करतात कारण घरी होतच नाही म्हणतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त कटकट सीटवरून होते. "ताई मला २३ नको, १७ द्या ना." सुरुवातीला वाटायचं खिडकीमुळे असेल, कूलरचा झोत, चार्जिंग पॉईंट, असं काहीतरी. मग हळूहळू लक्षात आलं की पोरं सीट म्हणतात पण मागतात शेजार.

मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. १७ नंबरवर सीए फायनलची मुलगी होती. सकाळी साडेसहाला यायची, फोन लॉकरमध्ये, पाण्याची बाटली डाव्या हाताला, दोन्ही पाय खुर्चीच्या खालच्या दांडीवर आणि जी पुढे वाकून बसायची ती मग फक्त कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू यायची. तिच्या बाजूला १८ वर तलाठी भरतीची तयारी करणारी पोरगी आली. पहिल्या आठवड्यात ही तासाभरात चारदा उठायची, पाणी, वॉशरूम, फोन, परत पाणी. महिन्याभराने बघते तर ही पण अडीच-अडीच तास एका जागी, आणि गंमत म्हणजे पाय पण तसेच दांडीवर. दोघींचा विषय वेगळा, पुस्तकं वेगळी, बोलणं म्हणाल तर "पंखा कमी करू का" एवढंच. मे महिन्यात सीएवालीचे पेपर झाले, १७ रिकामी झाली, आणि १८ वाली दहा दिवसात परत दुपारी एकला बॅग भरून घरी जायला लागली. माझ्या रजिस्टरमध्ये येण्याजाण्याच्या वेळा आहेत म्हणून हे नक्की सांगू शकते.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण लहानपणापासून ऐकतो, बहुतेक वेळा वाईट संगतीबद्दल. पण मेहनतीचाही गुण लागतो आणि हे प्रयोग करून बघितलेलं आहे. बेल्जियममधल्या कोबे डेसेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली यावर पेपर छापला. दोन माणसांना एकाच स्क्रीनसमोर शेजारी बसवलं, दोघांना आपापलं बटण दाबायचं काम, ज्यात डोकं लावावं लागतं. मग एकाचं काम मुद्दाम अवघड केलं आणि दुसऱ्याचं होतं तसंच ठेवलं. ज्याचं अवघड झालं तो जास्त जोर लावणारच, पण ज्याच्या कामात काहीही बदललं नव्हतं तो सुद्धा जास्त लक्ष लावून करायला लागला. दुसऱ्या प्रयोगात तर शेजाऱ्यापुढे काय येतंय हे दिसू पण दिलं नाही, तरी तेच. त्यांनी एक शक्यता अशी मांडली की बसण्याच्या पद्धतीतून, अंगातल्या ताठपणातून हे पोचत असेल. मी वाचलं तेव्हा मला लगेच ते दांडीवरचे पाय आठवले.

तर आता हे वापरायचं कसं ते एकेक करून सांगते, कारण नुसतं "चांगल्या संगतीत बसा" म्हणून काही होत नाही, आणि चुकीच्या वेळी चुकीच्या कामाला कोणाच्या शेजारी बसलात तर नुकसान पण होते, ते मी स्वतः करून बसलेली आहे.

आधी कोणतं काम घेऊन बसताय ते बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे सोडतात. शेजारी माणूस असला की अंगात थोडी जाग येते, आपण सावध होतो. ही जाग हात बसलेल्या कामाला पुढे ढकलते आणि नवीन, गुंतागुंतीच्या कामात आडवी येते. रॉबर्ट झायोन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे नीट मांडलं. त्याचं म्हणणं असं की लोक आजूबाजूला असले की आपल्याकडून जे सहज आधी निघतं तेच जास्त जोरात निघतं. सहज निघणारं उत्तर बरोबर असेल तर फायदा, चुकीचं असेल तर चूक पण जोरात. पुढे १९६९ मध्ये त्याने झुरळांवर प्रयोग केला, सरळ वाटेवर पळायचं असेल तर बाकीची झुरळं बघत असताना झुरळ जास्त वेगाने पळालं, आणि वळणाच्या वाटेवर मात्र एकटं असतानापेक्षा जास्त वेळ लागला. माणसांचं बघायचं तर १९८२ चा पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांचा अभ्यास आहे, चार जण जवळ येऊन बघायला लागले तर चांगल्या खेळाडूंचे बरोबर फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. तेच चार जण, तेच टेबल.

माझी चूक इथलीच आहे. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता, गणित अगदी कच्चं, पायापासून सुरू करत होता. मी आपली चांगल्या मनाने त्याला अशा पोराच्या बाजूला बसवलं जो शंभर प्रश्न टायमर लावून सटासट सोडवायचा. वाटलं बघून शिकेल. तो पंधरा दिवस तिथे बसला आणि रोज थोडा थोडा खचत गेला, एक उदाहरण कळत नाही तोवर बाजूला पान उलटायचं, की हा घाईत पुढचं घ्यायचा, जुन्याच चुका परत परत. महिना पूर्ण व्हायच्या आधी सोडून गेला. त्याला तेव्हा भिंतीकडच्या एकट्या सीटची गरज होती आणि मी ती दिली नाही याचं मला अजून वाईट वाटते.

म्हणून रोज सकाळी कामाचे दोन ढीग करा. ओळखायची साधी पद्धत म्हणजे पुस्तक बंद करून ते काम पायरीपायरीने तोंडाने सांगता येते का बघायचं. न अडखळता सांगता आलं तर ते शेजारच्या ढिगात: रिव्हिजन, जुन्या प्रश्नपत्रिका, हिशेबाच्या एंट्र्या, नोट्स फेअर करणं, ईमेलांना उत्तरं, डेटा भरणं. जिथे अडखळलात ते एकट्याच्या ढिगात: नवीन कन्सेप्ट, पहिल्यांदा वाचतोय असा कायदा, निबंधाचा पहिला कच्चा मसुदा. एकट्याचं काम घरी पहाटे करा, नाहीतर अभ्यासिकेत कोपरा धरा. दोन-तीन दिवसांनी तोच विषय हातात बसला की मग तो उचलून शेजारच्या ढिगात टाका. ढीग रोज बदलतात, एकदा करून ठेवून चालत नाही.

शेजारी निवडताना हुशारी बघू नका

बघायचं आहे ते जोर लावून बसणं. वर्गातला पहिला नंबर असू शकतो पण तो तुमच्या शेजारी बसून अर्धा वेळ रील्स बघत असेल तर तुम्हाला त्याची हुशारी नाही लागणार, रील्स लागतील. सीट पक्की करण्याआधी दोन दिवस लांबून बघा. किती वेळाने उठतो, फोन टेबलवर आहे का, लिहितो का नुसतं वाचतो. लिहिणारा शेजारी मला तरी जास्त चांगला वाटतो, त्याची मेहनत हातात दिसते, वाचणारा जागा आहे की स्वप्नात हे बाजूच्याला कळत नाही.

विषय वेगळा असला तर अजून बरं. त्याच परीक्षेचा शेजारी असला की त्याचं कितवं चॅप्टर चाललंय हे नकळत मोजणं सुरू होते, "याचं पॉलिटी झालं पण, माझं तर अजून..." आणि मग तुलनेतच डोकं अडकते. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ मध्येच मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला लावून हे बघितलं होतं, एकट्याने आणि मग दुसऱ्या मुलासोबत. ४० मुलांपैकी २० जण सोबत वेगाने फिरवू लागले, १० जणांना काही फरक पडला नाही, आणि १० जणांचं चक्क बिघडलं, चढाओढीच्या नादात हात आखडले. म्हणजे सगळ्यांना सोबत मानवतेच असं नाही. तुम्ही त्या बिघडलेल्या दहातले असाल तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका, तुमच्यासाठी वेगळ्या विषयाचा, शांत, ओळख नसलेला शेजारीच ठीक.

जिवलग मैत्रीण शेजारी घ्यावी का, हे मला नेहमी विचारतात. माझं मत नको असंच आहे. अपवाद मी दोनच बघितले आठ वर्षांत, त्या दोघी सकाळी आल्या की दुपारच्या डब्यापर्यंत एकमेकींशी एक शब्द बोलायच्या नाहीत, तसं ठरवूनच आल्या होत्या.

बसायचं कसं

समोरासमोर नाही, बाजूबाजूला. समोर बसलं की मान वर केली की डोळ्याला डोळा भिडतो आणि मग हसू येते, खुणा होतात, संपलं. बाजूला असलं की शेजारी फक्त नजरेच्या कडेला असतो, त्याचा हात, कोपर, वाकलेली पाठ एवढंच, आणि तेवढंच पुरेसं आहे. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा. पार्टिशन असेल तर खांद्याएवढ्या उंचीचं ठेवा, त्यातून माणूस आहे हे कळते पण त्याची वही दिसत नाही. आमच्याकडे आधी डोक्याच्या वर जाणारी प्लायची केबिनं होती, मी ती दोन फूट कापून घेतली, सुताराला वाटलं बाईचं काहीतरी बिघडलं, पण दुपारची झोपणारी पोरं कमी झाली.

शेजाऱ्याची स्क्रीन दिसत असेल तर जागा बदला, यात तडजोड नको. हलणारं चित्र कडेला असलं की नजर जातेच.

आवाजाचं पण इथेच सांगते. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा गेला की कूलर दिवसभर घरघरतो आणि नवीन पोरं तक्रार करतात, पण तो एकसुरी आवाज दोन दिवसात कानाला ऐकू येणं बंद होते. त्रास होतो तो बोलण्याचा. माणसाचं बोलणं, अगदी हळू आवाजातलं सुद्धा, क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टींना धक्का देते, आणि हे परक्या, न कळणाऱ्या भाषेतल्या बोलण्यानेही होते असं प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणून शेजारी कितीही मेहनती असला पण पुटपुटून पाठ करणारा असेल तर त्याच्यापासून दोन सीटा लांब बसा. पाठांतराला मी गच्ची मोकळी ठेवली आहे.

बसण्याआधीचं एक मिनिट

सोबत बसणाऱ्यांनी सुरुवातीला एकमेकांना एक वाक्य सांगायचं: आता पुढच्या पन्नास मिनिटांत मी काय करणार. "अभ्यास करणार" चालणार नाही, "२०२२ च्या पेपरचे प्रश्न ४१ ते ८०" असं पाहिजे. पन्नास मिनिटं झाली की झालं का नाही एवढंच सांगायचं, कारणं द्यायची नाहीत, विचारायची पण नाहीत. मग दहा मिनिटं उठून खाली जा, चहा घ्या, सकाळ असेल तर कोपऱ्यावरचे तर्री पोहे खा, पण परत यायची वेळ आधी ठरलेली असू द्या, कारण तर्री पोह्यांच्या ठेल्यावर दहाची चाळीस मिनिटं कशी होतात ते नागपूरकरांना सांगायला नको.

हे सांगणं अशासाठी की शेजारी आपल्याला तपासतोय असं वाटायला लागलं की गोष्ट वेगळी होते. कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून प्रयोग केला, तर ज्यांना दिसतच नव्हतं अशा लोकांच्या असण्याने सहज निघणारं जास्त जोरात निघण्याचा तो परिणाम झाला नाही, म्हणजे बराचसा भाग "हे मला जोखून राहिले" या जाणिवेचा आहे. थोडी जाणीव हवी, म्हणून ते एक वाक्य. जास्त नको, म्हणून कारणं विचारायची नाहीत.

आईवडिलांसाठी पण हेच. पोराच्या शेजारी बसून त्याच्या वहीत बघत "असं नाही, तसं कर" केलं की त्याचं सहज येणारं पण चुकते. त्याऐवजी आपलं काहीतरी डोक्याचं काम घेऊन बाजूला बसा. घरखर्चाचा हिशेब, ऑफिसचं काम, पेपरातलं शब्दकोडं. भाजी निवडत बसलात तरी चालेल, फोन घेऊन बसू नका. तुमचा अंगठा स्क्रीनवर सरकतोय आणि त्याला म्हणताय लक्ष दे, तर त्याच्या कडेच्या नजरेला काय दिसते याचा विचार करा.

काम वाटून घेतलंत की जोर उतरतो

ग्रुप स्टडीत फसगत होते ती इथे. शेजारी बसून आपापलं काम करणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून एकच काम करणं वेगळं. मॅक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला शेती अभियंता, त्याने माणसांना दोर ओढायला लावला होता, १९१३ साली त्याचे आकडे छापून आले, आठ जण मिळून ओढायला लागले तर एकेकाचा जोर एकटा असतानाच्या जेमतेम निम्मा भरला. १९७९ मध्ये अमेरिकेत लाटाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला, ओरडायला लावून तेच बघितलं, घोळक्यात माणूस कमी जोर लावतो, बहुतेक वेळा त्याला स्वतःला पत्ता पण नसतो. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की ही ढिलाई जाते.

म्हणून "तू इकॉनॉमी काढ, मी भूगोल काढते, मग शेअर करू" हे मला पटत नाही, त्यात नोट्स तयार होतात आणि दोघींचा अर्धा अर्धा अभ्यास होतो. नोट्स ज्याच्या त्याने काढाव्या, आकडा ज्याचा त्याचा वेगळा लिहावा. एकत्र करायचंच असेल तर एकमेकांचे पेपर तपासणं करा, त्यात दोघांना डोकं लावावं लागते. ऑफिसवाल्यांना पण हेच, एकाच शीटवर चार जण काम करत असाल तर कोणाच्या ओळी कोणत्या हे लिहून ठेवा.

थकवा पण लागतो

हे माझ्या बघण्यातलं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास रांगेतल्या एकाने खुर्ची मागे रेलली, जांभई दिली की पाच मिनिटांत ती रांग ढेपाळते. तुमचा शेजारी संपला आहे असं दिसलं की तुम्हीही उठा, एक चक्कर मारा, तोंड धुवा, आणि पंधरा मिनिटं दुसऱ्या रांगेत बसा. ओढून ताणून तिथेच बसू नका. आणि स्वतः दमला असाल तर शेजाऱ्यासाठी तरी जागेवर लोळू नका, खाली जाऊन लोळा.

परीक्षेच्या हॉलची सवय

ज्यांना घरी सगळं येते आणि हॉलमध्ये हात थरथरतो त्यांनी शेवटचे दोन महिने आठवड्यातून एक पूर्ण पेपर माणसांच्या मध्ये बसून सोडवायचा. आम्ही रविवारी करतो, मी स्वतः मागून फेऱ्या मारते, घड्याळ समोर ठेवते. पहिल्या दोन-तीन वेळा मार्क पडतात, पडू द्या. सहज निघणारं उत्तर बरोबर येईपर्यंत सराव झाला की तीच माणसं, तीच फेरी मदतीला यायला लागते.

घरून करणाऱ्यांनी

सोबत नसेल तर व्हिडिओ कॉल लावून आपापलं काम करतात, आमचे दोन-चार जण रात्री करतात. डेसेंडरचा प्रयोग एका खोलीत शेजारी बसलेल्यांवर होता हे लक्षात ठेवा आणि कॉलकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नका. करायचा असेल तर आवाज बंद, कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता हात आणि वही दिसेल असा वरून, आणि फोन हाताला येणार नाही इतका लांब. स्वतःचा चेहरा दिसत राहिला की केस नीट करण्यात वेळ जाते.

वहीत मोजून बघा

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, हा परिणाम लहान आहे. १९८३ मध्ये बाँड आणि टायटस यांनी २४१ अभ्यास, जवळपास २४,००० माणसं एकत्र करून बघितली, फरक आहे पण थोडाच. झोप अर्धवट असेल, जेवण नसेल, तर कोणताही शेजारी काही करू शकत नाही. म्हणून दोन दिवसात "फरक पडला नाही" म्हणून सोडू नका आणि एका चांगल्या दिवसावर भाळू पण नका.

दोन आठवडे घ्या. सहा दिवस एकटं, सहा दिवस शेजारी, आणि दोन्हीकडे एकाच प्रकारचं काम, एकाच वेळी. वहीत चार रकाने: तारीख, शेजारी कोण, किती प्रश्न केले, किती बरोबर आले. तास लिहू नका, तासांनी माणूस स्वतःला फसवतो. प्रश्न वाढले आणि बरोबर येणं तेवढंच राहिलं तर शेजार मानवला. प्रश्न वाढले पण चुका पण वाढल्या तर ते काम अजून एकट्याच्या ढिगातलं आहे, शेजारी बदलायची गरज नाही, काम बदला. दोन्ही कमी झालं तर सीट बदला.

आणि शेजारी कायमचा नसतो, त्याची परीक्षा होते, नोकरी लागते, गावी जातो. त्याच्या पेपरच्या तारखा माहीत करून घ्या आणि तो जायच्या पंधरा दिवस आधीच पुढची सीट बघून ठेवा. १८ वालीला मी जूनमध्ये ९ नंबरवर हलवलं, स्टाफ नर्सची तयारी करणाऱ्या एका बाईंच्या बाजूला, त्या ड्युटी करून येतात आणि आल्या की तीन तास मान वर करत नाहीत. पहिला आठवडा रजिस्टरमध्ये काहीच बदललं नाही, तिला जुनीच सीट पाहिजे होती. नवव्या-दहाव्या दिवसापासून जाण्याची वेळ एकवरून अडीचवर आली, मग चारवर. त्यामुळे सीट बदलली तर निदान दहा दिवस तरी द्या, त्याच्या आत माझ्याकडे "ताई परत बदलून द्या" म्हणत आलात तर मी देत नाही.